पिन केलेला मेसेज वाचा

परदेशातल्या प्रत्येक मोठ्या शहरात एक नदी असते, एक रेल्वे स्टेशन असतं आणि मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा एक अ‍ॅडमिन असतो. पहिल्या दोन गोष्टी नकाशावर सापडतात. तिसरी तुम्ही न शोधताच तुमच्यापर्यंत पोचते.

श्टुटगार्टचे अ‍ॅडमिनदादा या जातीचे अस्सल वाण आहेत. त्यांना नाव आहे, आडनाव आहे, कराडला वडिलोपार्जित घर आहे, इथे मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत बऱ्यापैकी हुद्दा आहे. पण शेकडो लोकांच्या फोनमध्ये ते 'अ‍ॅडमिनदादा' एवढंच नाव लावून बसले आहेत. वहिनींच्या फोनमध्येही हेच नाव आहे. मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "काय करू? घरात असले तरी ह्यांच्याशी बोलायचं तर ग्रुपवरच लिहावं लागतं. तिथे लगेच उत्तर मिळतं."

दादांनी चाळिशी ओलांडली आहे. पोट सुटलेलं नाही, पण मान कायमची पंधरा अंशांनी पुढे झुकलेली आहे. प्रोफाइलला डोंगरावरच्या एका प्रसिद्ध किल्ल्यासमोर फेटा बांधून काढलेला फोटो. त्याखाली 'कामात आहे' अशी सूचना, जी २०१४ पासून बदललेली नाही आणि आजवर एकानेही मनावर घेतलेली नाही. ग्रुपचं नाव 'श्टुटगार्ट मराठी (अधिकृत)'. कंसातला शब्द का, असं कुणी विचारलं की दादा एकदम गंभीर होतात. कंस नसलेला ग्रुप दुसऱ्या एकाने काढलेला आहे, आणि त्याविषयी दादा बोलत नाहीत. तिथे मात्र ते सदस्य आहेत. 'लक्ष ठेवावं लागतं,' असं त्यांचं म्हणणं.

माणूस अ‍ॅडमिन का होतो? हौस हे उत्तर फार वरवरचं आहे. दादांच्या बाबतीत सगळं टपालपेटीपासून सुरू झालं. २०११ साली ते कंपनीकडून इथे आले तेव्हा ग्रुप नव्हता, सांगणारा कुणी नव्हता. जर्मनीत पत्त्यात फ्लॅटचा नंबर नसतो. रस्ता, इमारतीचा क्रमांक आणि तुमचं आडनाव, संपलं. ते आडनाव खालच्या टपालपेटीवर आणि बेलवर चिकटवलेलं नसेल तर पोस्टमनच्या लेखी तुम्ही तिथे राहत नाही. दादांना हे ठाऊक नव्हतं. बँकेने एका पाकिटात कार्ड पाठवलं, दुसऱ्या पाकिटात पिन, कर खात्याने तिसऱ्या पाकिटात अकरा आकडी क्रमांक. तिन्ही पाकिटं आल्या पावली परत गेली. कित्येक आठवडे दादा जर्मनीत होते आणि जर्मनीच्या पोस्टाला त्याचा पत्ता नव्हता. आजही ग्रुपवर कुणी 'घर मिळालं!' असं आनंदाने लिहिलं की पेढ्यांच्या आणि फुलांच्या चित्रांच्या गर्दीत दादांचा एकच कोरडा प्रश्न येतो: 'पेटीवर नाव लावलं का?'

ग्रुप वाढत गेला त्याला दादांच्या कर्तृत्वाइतकीच कॅलिफोर्नियातल्या कंपनीची कृपा कारणीभूत आहे. २०१६ साली व्हॉट्सअ‍ॅपने ग्रुपची मर्यादा शंभरावरून २५६ केली, २०२२ मध्ये आधी ५१२ आणि मग १०२४. प्रत्येक वेळी दादांचा चेहरा जिल्हा परिषदेचं तिकीट मिळाल्यासारखा उजळला. (बढती मिळाली तेव्हा असं काही झाल्याचं वहिनींना आठवत नाही.)

ग्रुपच्या माथ्यावर एक मेसेज पिन केलेला आहे, आणि हे दादांचं जीवनकार्य. त्यातल्या दस्तऐवजाचं नाव 'नवीन आलेल्यांसाठी, अंतिम, सुधारित, आता खरंच अंतिम'. त्यात सगळं आहे. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवा, त्यासाठी घरमालकाची सही असलेला कागद लागेल. पत्ता नोंदवल्याशिवाय करक्रमांक येणार नाही, करक्रमांकाशिवाय कंपनी तुमच्या पगारातून सर्वांत चढ्या दराने कर कापेल. टीव्ही, रेडिओच्या वर्गणीचं पत्र येईल, घरामागे महिना १८.३६ युरो. 'आमच्याकडे टीव्हीच नाही' असं कळवू नका. ही वर्गणी टीव्हीची नसून घर असल्याची आहे. रविवारी भिंतीला भोक पाडू नका. रविवारी काचेच्या बाटल्या कुंडीत टाकू नका. रविवारी, खरं म्हणजे, काहीच करू नका.

हा मेसेज कुणी वाचत नाही. लोक वरून येतात, थेट तळाशी जातात आणि विचारतात, 'नमस्कार सर्वांना, पत्ता कसा नोंदवायचा?' दादा लिहितात, 'पिन केलेला मेसेज वाचा.' मग तो माणूस विचारतो, 'तो कुठे असतो?' दादा त्याचा स्क्रीनशॉट काढतात, लाल रंगाने गोल करतात, बाण काढतात. मग पाच मिनिटांनी तोच माणूस लिहितो, 'दादा, फार मोठा आहे, थोडक्यात सांगाल का?' आणि दादा सांगतात. इथेच हा प्राणी सरकारी कचेरीपेक्षा वेगळा ठरतो. 'खिडकी बंद आहे' हे वाक्य त्यांना कोणत्याच भाषेत येत नाही.

आता कुणी म्हणेल, सगळं ऑनलाइन झाल्यावर अशा माणसाची गरज काय? जर्मन सरकारलाही असंच वाटलं असावं. २०१७ साली त्यांनी कायदा केला की २०२२ संपेपर्यंत ५७५ प्रकारच्या सरकारी सेवा ऑनलाइन मिळाल्या पाहिजेत. २०२२ संपलं, सेवा संपूर्ण आल्या नाहीत. ज्या आल्या त्यांची तऱ्हा दादांना पाठ आहे. 'एल्स्टर' नावाच्या पोर्टलवर घरबसल्या आयकर विवरण भरता येतं. मात्र खातं उघडल्यावर ते चालू करायचा संकेतांक साध्या पोस्टाने, कागदी पाकिटात येतो. म्हणजे पुन्हा पेटीवर नाव. परदेशी लोकांच्या कचेरीत जायचं तर वेळ ऑनलाइन घ्यायची, पण ती वेळ कधीच मोकळी दिसत नाही. पहाटे उठून पान पुन्हापुन्हा ताजं करत बसायचं. हे काम करायला मग लोकांनी बॉट लिहिले. कुठे एखादी वेळ सुटली की फोन किणकिणतो आणि ती वेळ पकडायला आणखी चारशे जणांचे फोन किणकिणलेले असतात. बर्लिनमध्ये अशा वेळा पैसे घेऊन विकल्या गेल्याच्या बातम्याही आल्या. दादांचा अनुभव असा की एक पोर्टल उघडलं की ग्रुपवर प्रश्नांची संख्या कमी होत नाही, फक्त प्रश्न बदलतात. पूर्वी लोक विचारत, 'कुठल्या खोलीत जायचं?' आता विचारतात, 'हिरवं बटण दिसत नाहीये, तुमच्याकडे दिसतंय का?' दादांकडे दिसत नाही, कारण त्यांना ते काम नसतं. तरी ते रात्री साडेअकराला खोटा अर्ज भरायला घेतात आणि हिरव्या बटणापर्यंत जाऊन येतात.

१ जानेवारी २०२५ पासून जर्मनीने जगभरातल्या आपल्या वकिलातींसाठी दीर्घ मुदतीच्या व्हिसाचे अर्ज ऑनलाइन घ्यायला सुरुवात केली. त्या दिवशी लोक एकमेकांना नववर्षाच्या शुभेच्छा देत होते. दादा मात्र 'जोडलेली फाइल किती एमबीची चालते' यावर चर्चा घडवत होते. त्याआधीच्या जूनमध्ये 'संधी कार्ड' आलं होतं. नोकरी हातात नसताना जर्मनीत येऊन ती शोधायची मुभा, पण वय, भाषा, अनुभव, शिक्षण यांचे गुण मोजून किमान सहा झाले पाहिजेत. छत्तीस गुण जुळवत आलेल्या समाजाला सहा गुणांचं काय ते अप्रूप! आठवडाभर ग्रुपवर नुसत्या पत्रिका. 'दादा, माझे पाच होतात, बायकोचं शिक्षण धरून सहा होतील का?' दादांनी सगळ्यांचे गुण मोजले. एकाला मंगळ निघाला, म्हणजे त्याच्या पदवीचं नाव जर्मन यादीत सापडेना.

आणि मग तो ऑक्टोबर आला. तेव्हाचे जर्मन चान्सलर ओलाफ शोल्झ २०२४ साली दिल्लीला गेले आणि जाहीर झालं की कुशल भारतीयांना वर्षाला देण्याच्या व्हिसांची संख्या वीस हजारांवरून नव्वद हजार होणार. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारनेही बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला होता. मुंबई आणि श्टुटगार्ट तर १९६८ पासून भगिनी शहरं. वर्तमानपत्रांत अग्रलेख आले, कुणी याला सुवर्णसंधी म्हटलं, कुणी हुशार माणसांची गळती. दादा बातमी वाचून पांढरेफटक पडले. वहिनींनी पाणी दिलं. थोड्या वेळाने ते क्षीण आवाजात म्हणाले, "नव्वद हजार. आणि ग्रुपची मर्यादा १०२४."

इतकं असूनही त्यांना खरा धक्का दिला तो चॅटबॉटने. नवी पिढी आधी तिथे विचारते. ते एक वेळ चाललं असतं. पण तिथलं उत्तर ही मुलं ग्रुपवर आणून चिकटवतात आणि खाली लिहितात, 'दादा, हे बरोबर आहे ना?' म्हणजे दादा आता प्रश्नाला उत्तर देणारे राहिले नाहीत, उत्तर तपासणारे झाले. दोन दिवस त्यांनी कुणालाच काही लिहिलं नाही. ग्रुपवर काळजी पसरली. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः त्या बॉटला मुद्दाम एक अवघड प्रश्न विचारला: भाडेकरूने पोटभाडेकरू ठेवला असेल तर पत्ता नोंदवायच्या कागदावर सही कुणाची? बॉटने चार परिच्छेद लिहिले आणि शेवटी नम्रपणे सुचवलं की स्थानिक अनुभवासाठी आपल्या शहरातल्या भारतीय समूहाशी संपर्क साधावा. दादांनी त्याचा स्क्रीनशॉट काढला, लाल गोल केला आणि तो पिन केला.

ग्रुपवरच्या माणसांविषयी लिहायचं तर वेगळा अंक काढावा लागेल. कुणी काहीही विचारलं की खाली 'मलाही हवंय' लिहून गप्प बसणारे. भारतात परत निघालेले आणि पडद्याच्या कड्यांपासून कढीपत्त्याच्या कुंडीपर्यंत सगळं किमतीसकट फोटो काढून टाकणारे. दर निवडणुकीला 'राजकारण नको' हा नियम मोडणारे आणि मग 'मी फक्त माहिती दिली' म्हणणारे. पण लातूरच्या पोराची गोष्ट सांगायला हवी.

पोरगं एमएस करायला येणार होतं. लातूरला बसून घर शोधत होतं. एका संकेतस्थळावर त्याला खोली सापडली: लाकडी जमीन, मोठी खिडकी, विद्यापीठापासून दहा मिनिटं आणि भाडं असं की दादांच्या भाषेत 'त्या पैशात इथे सायकलसुद्धा उभी करता येत नाही'. मालकाने फार गोड इंग्रजीत कळवलं की तो कामानिमित्त लंडनला आहे, तेव्हा दोन महिन्यांची अनामत पाठवावी, किल्ल्या कुरिअरने येतील. पोराने वडिलांना सांगितलं, वडिलांनी सोयाबीनचे पैसे बाजूला काढून ठेवले होते ते बँकेत भरले. पाठवायच्या आदल्या रात्री त्याने ग्रुपवर सहज विचारलं, 'या भागात किराणा जवळ आहे का?'

दादांनी किराण्याचं काही सांगितलं नाही. 'फोटो पाठव,' म्हणाले. मग त्यांनी स्वयंपाकघराचा फोटो उलटा शोधला. तेच स्वयंपाकघर, तोच लाल किटलीचा कोपरा, हाम्बुर्गमध्ये भाड्याने होता, व्हिएन्नात भाड्याने होता आणि ॲम्स्टरडॅममध्येही रिकामा होता. दादांनी तिन्ही स्क्रीनशॉट शेजारी शेजारी लावून पाठवले. खाली एवढंच: 'बाळा, एक किटली तीन देशांत चहा करत नाही.' लातूरला रात्री दोन वाजता त्या घरात काय झालं ते मला माहीत नाही. सकाळी पोराच्या आईचा ध्वनिसंदेश आला, तो दादांनी आजतागायत कुणाला ऐकवलेला नाही.

तेव्हापासून दादा स्वतः घरं बघायला जातात. व्हिडिओ कॉल लावून फोन नळाजवळ धरायचा, नळ सोडायचा, फ्लश ओढायचा, खिडकी उघडून रस्त्याचा आवाज ऐकवायचा. इथला घरदलाल बाजूला उभा राहून बघत असतो. त्याला वाटतं हा भाडेकरू. मग फोनमधून भारतातलं अख्खं कुटुंब बोलायला लागतं. कुणी पूर्व कुठे विचारतं, कुणी देवघर कुठे बसेल. दादा छताकडे बोट दाखवून बजावतात की धूर ओळखणाऱ्या यंत्राखाली देवघर नको. उदबत्ती लावली की बंब येतो आणि त्याचं बिल देव भरत नाही.

दादांचं स्वतःचं भारतातलं सगळं आयुष्य कराडमधल्या एका फोनवर उभं आहे. निघताना त्यांनी आपलं भारतीय सिम, चालू राहावं म्हणून, वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, फोनात घातलं. त्या नंबरला आधार जोडलेलं, आधारला बँक, बँकेला प्रॉव्हिडंट फंड. त्यामुळे दादांनी श्टुटगार्टमध्ये कुठलंही बटण दाबलं की ओटीपी कराडला वाजतो. अण्णा दुपारी दोन ते चार झोपतात. त्या वेळात दादांचे आर्थिक व्यवहार बंद असतात. २०२३ साली परदेशी नंबरवर यूपीआय चालवायची सोय दहा देशांतल्या भारतीयांना मिळाली. दादांनी यादी वरून खाली वाचली, मग खालून वर. सिंगापूर होतं, ओमान होतं, कतार होतं. जर्मनी नव्हतं. अण्णांनाच हायसं वाटलं असावं. 'पाच, सात, शून्य' असं ठणठणीत आवाजात सांगताना त्यांना पोराच्या संसारात अजून आपला हात असल्यासारखं वाटतं आणि दोन आकड्यांच्या मधे ते गावच्या बातम्याही सांगून घेतात. आकड्याची मुदत तेवढ्यात संपते. मग पुन्हा नवा ओटीपी, नव्या बातम्या.

आईचं खातं हवामानाचं. तिच्या फोनच्या पहिल्या पानावर कराडचं तापमान नाही, श्टुटगार्टचं आहे. साडेतीन-साडेचार तास पुढे असलेल्या घरातून ती मेसेज करते: 'आज दुपारी पाऊस दाखवतोय, छत्री ने.' दादा खिडकीबाहेर बघतात, ऊन असतं. छत्री नेत नाहीत. भिजून परततात.

याच शहरात दादा ज्याच्याकडे केस कापतात तो न्हावी हलबचा आहे, म्हणजे आपण ज्याला अलेप्पो म्हणतो तिथला. तो २०१५ साली आला. त्याचाही सगळा प्रवास फोनवर झाला, नकाशा फोनमध्ये, पुढे गेलेल्यांचे निरोप फोनमध्ये. सरकारनेही २०१६ च्या सुरुवातीला निर्वासितांसाठी एक मार्गदर्शक अ‍ॅप काढलं होतं, अरबीसकट पाच भाषांत. आणि २०१७ मध्ये कायदा करून, पासपोर्ट नसलेल्या आश्रयार्थीचा फोन उघडून तपासायची मुभा स्वतःकडे घेतली. २०२३ साली वरच्या न्यायालयाने सांगितलं की सरसकट असं करता येणार नाही. दादांनी हे न्हाव्याच्या खुर्चीत बसून ऐकलं. आपल्याला इथे कुणी फोन मागितला नाही, मागितली ती पगाराची पावती. त्यावर ते त्या दिवशी काही बोलले नाहीत. ग्रुपवरही नाही. फक्त 'निर्वासितांमुळे आपल्याला घरं मिळत नाहीत' असं कुणीतरी लिहिलं होतं ते संध्याकाळी काढून टाकलं. कारण विचारल्यावर 'नियम क्रमांक चार' म्हणाले. नियम क्रमांक चार जाहिरातींबद्दल आहे.

दादा स्वतः जर्मनीत किती मुरले? कागदावर बघाल तर पूर्ण. नागरिकत्वाच्या परीक्षेला प्रश्नपेढीतले ३३ प्रश्न येतात आणि १७ बरोबर आले तरी भागतं. दादांनी सगळे ३१० अ‍ॅपवर सोडवले आहेत, परीक्षेला न बसता. नुसते पडल्यापडल्या. संसदेच्या घुमटापासून राज्याच्या चिन्हावरच्या सिंहांपर्यंत काहीही विचारा. अ‍ॅपवर रोज जर्मन शिकायचा त्यांचा क्रम लग्नाच्या वाढदिवशीसुद्धा तुटलेला नाही. फक्त जर्मन माणसाशी बोलायची वेळ फारशी आली नाही. कचेरीत इंग्रजी, घरी मराठी, मधे ट्रेनमध्ये ग्रुप. खालच्या मजल्यावरच्या आजींशी मात्र त्यांचा इतक्या वर्षांचा पत्रव्यवहार आहे. आजी चिठ्ठ्या लिहितात आणि चिकटपट्टीने दादांच्या दाराला लावतात. चपलांचं कपाट जिन्यात नको. सायकल भिंतीला टेकवू नये. श्टुटगार्टकडे केरवोखेची पद्धत आहे: आळीपाळीने एकेका बिऱ्हाडाने आठवडाभर जिना झाडायचा, पुसायचा, आणि ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी अडकवायची. दादांनी त्यासाठी फोनमध्ये आठवण लावली आहे, सामाईक कॅलेंडर केलं आहे, लिंक सगळ्यांना पाठवली आहे. आजी शनिवारी संध्याकाळी येतात, जिन्याच्या कठड्यावरून बोट फिरवतात आणि बोटाकडे बघतात.

२०२४ च्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी दादांची बेल वाजली. दारात आजी. हातात चिठ्ठी नव्हती, रेल्वेचं पत्र होतं. जर्मन रेल्वेने तिकिटावर सवलत देणारं आपलं 'बानकार्ड' जूनपासून प्लास्टिकचं द्यायचं बंद केलं होतं. आता ते फोनमध्ये. आजींच्या दुसऱ्या हातात नातवाने दोन ख्रिसमसमागे दिलेला स्मार्टफोन होता, अजून पडद्यावरची पारदर्शक पट्टी न काढलेला.

दादांच्या तोंडून सवयीने निघालं, "स्क्रीनशॉट पाठवा." मग त्यांनी आजींना आत बोलावलं. खातं उघडायला ईमेल हवा होता. ईमेलचा पासवर्ड नातवाला माहीत. नातू हाम्बुर्गला. दादांनी नातवाला फोन लावला, त्याच्याकडे सहा आकडी संकेतांक गेला, तो त्याने आधी आजीची तब्येत विचारून मग सांगितला, तोवर मुदत संपली. पुन्हा पाठवला. "पाच की नऊ?" दादा ओरडून विचारत होते, जर्मनमध्ये, न अडखळता. वहिनी स्वयंपाकघरातून बघायला आल्या. तासाभराने कार्ड पडद्यावर उमटलं. आजी म्हणाल्या की त्यांच्या जिमनॅस्टिकच्या वर्गात अशा सात जणी आहेत, शिवाय डॉक्टरही हल्ली औषधाची चिठ्ठी कागदावर देत नाहीत.

सात जणींचं शिबिर दादांच्या बैठकीत भरलं. पोहे झाले. ग्रुप निघाला, पण तो आजींनी काढला आणि अ‍ॅडमिन त्याच झाल्या. दादा साधे सदस्य. नियम एकच: संध्याकाळी आठनंतर आणि रविवारी मेसेज नाही. दादांनी पहिल्याच रविवारी सवयीने सूर्यफुलाचं सुप्रभात टाकलं आणि त्यांना काढून टाकण्यात आलं. सोमवारी सकाळी आठ वाजता परत घेतलं.

याच सात जणींत श्टुटगार्टच्याच झिलेनबुख भागातल्या एक बाई निघाल्या. नवरा गेल्यापासून त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या रिकाम्या. संकेतस्थळावर जाहिरात कशी देतात ते येत नाही म्हणून कुणाला भाड्याने दिलेल्या नाहीत. हे त्या पोह्यांवर लिंबू पिळता पिळता सहज बोलल्या. दादांचा चमचा हवेतच राहिला. साऱ्या ग्रुपने, घरं शोधायला तिघांनी लिहिलेल्या बॉटने आणि लातूरच्या पोराने महिनोन्‌महिने जे धुंडाळलं ते इंटरनेटवर कधी आलेलंच नव्हतं.

मुलाखत ठरली. एका फोनवर लातूर, समोर झिलेनबुखच्या बाई, मधे दादा. पोराला कुणी काही विचारलं नाही. बाईंनी विचारलं, जिना पुसेल का? दादांनी तिकडे भाषांतर केलं. पोराची आई म्हणाली, "पुसंल की, न पुसायला काय झालं? त्यांना म्हणावं लेकराला सकाळी लवकर उठवत जा." बाई म्हणाल्या, आंघोळीला पाणी जपून. आई म्हणाली, "तेच म्हणते मी त्याला." दोघींचं असं काही जमलं की दादांना मधे बोलायला जागा मिळेना. मग बाईंनी सांगितलं, चपला-बूट जिन्यात चालणार नाहीत. आणि त्याच दमात तिकडून आई म्हणाली, "एक सांगून ठेवा, चपला घालून घरात येऊ द्यायचं नाही त्याला. पहिल्यापासून वळण आहे."

दादांनी एकदा फोनकडे बघितलं, एकदा बाईंकडे.

"काय म्हणतात त्या?" आईने विचारलं.

"तुमच्या मनासारखंच आहे म्हणतात," दादा म्हणाले. मग वळून हेच वाक्य जर्मनमध्ये बाईंना सांगितलं, आणि करारावर सह्या होईस्तोवर वहिनींना निरोप पाठवला की येताना झाकणाचा एक मोठा प्लास्टिकचा डबा घेऊन ये, दहा नंबरचे बूट मावतील असा.